थंड दही, कोरडा मसाला आणि शेजारची शेव

डिसेंबरात अमरावतीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरातला वाढदिवस म्हणूनच दुपारी चारला सुरू होतो आणि साडेपाचला भांडी आवरायला घेतली जातात. अशा घरातले एक दृश्य अनेक वाचकांच्या ओळखीचे असेल. टेबलावर मध्यभागी थंड डिपचा वाडगा आहे. घट्ट चक्क्यात पाकिटातला मसाला कालवलेला आहे आणि त्या पाकिटावर ‘जैन’ असे ठळक छापलेले आहे. सून अकोल्याची. तिने दुकानात तीन पाकिटे उलटसुलट करून पाहिली, कांदा-लसणाची भुकटी असलेली दोन परत ठेवली आणि हे घेतले. वाडग्याभोवती काकडीचे काप, ढोबळी मिरचीच्या उभ्या फोडी, मुगाचे तळलेले पापड, बारीक शेव, मेथीचे खाकरे. मुले तुटून पडतात. आजी बशी हातात घेतात, शेवेकडे एकदा पाहतात, बशी हलकेच खाली ठेवतात आणि म्हणतात, “मला भूक नाही, तुम्ही घ्या.”

सुनेला वाटते, आजींचा पाकिटावर विश्वास बसला नाही. आजींना वाटते, सणासुदीच्या वेळी टोकले तर पोरीचा हिरमोड होईल. दोघीही गप्प राहतात. खरे कारण मात्र मसाल्यात नसते. ते वाडग्याच्या शेजारी मांडलेले असते. दही आणि बेसनाची शेव एका घासात आली की ते द्विदळ होते.

कांदा, लसूण, बटाटा टाळायचा हे आजच्या तरुण घरांना पक्के ठाऊक असते, कारण उपाहारगृहापासून विमानापर्यंत ‘जैन जेवण’ म्हणजे एवढेच, अशी समजूत रूढ झाली आहे. द्विदळाचा नियम तितकाच जुना आहे, पण तो पदार्थाच्या नावावरून कळत नाही. ज्याचे दोन दल होतात असे मूग, उडीद, हरभरा, तूर, वाटाणा यांसारखे धान्य कच्च्या गोरसाशी, म्हणजे न तापवलेल्या दूध, दही किंवा ताकाशी मिसळू नये, असे हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आणि पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात, म्हणजे श्वेतांबर आणि दिगंबर अशा दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत सांगितले आहे. त्या मिश्रणात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, हे त्यामागचे कारण. बावीस अभक्ष्यांच्या यादीत ‘घोलवडा’ येतो तो याचमुळे. दह्यात बुडालेला अमरावतीचा गिला वडा हा त्याचाच भाऊबंद. डिप आणि शेव वेगवेगळ्या भांड्यांत असली तरी त्यांची गाठ तोंडात पडते, आणि नियमाला तेवढे पुरते.

शिवाय वऱ्हाड हा डाळीचा मुलूख. अकोल्याच्या डाळ मिलांतून तुरीची डाळ दूरदूर जाते; घरोघरच्या डब्यात शेव, पापडी, वडी, मुगाचा पापड ठरलेलाच. पाहुण्यापुढे काही कुरकुरीत ठेवायचे म्हटले की हात आपोआप बेसनाकडे जातो. त्यामुळे दह्याचे डिप या भागात जितके सहज रुजले, तितक्याच सहज ते डाळीच्या शेजारी जाऊन बसले.

डिप ही मुळात परकी चाल, आणि तिचा जन्मच कांद्याच्या संगतीत झाला. 1950 च्या दशकात अमेरिकेत लिप्टन कंपनीच्या सुक्या कांदा-सुपाचे पाकीट आंबट सायीत कालवून पाहुण्यांपुढे ठेवण्याची टूम निघाली. स्वयंपाक येवो न येवो, पाकीट फोडले की काम झाले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ स्टीव्ह हेन्सन यांनी ‘हिडन व्हॅली’ नावाचे अतिथीगृह चालवले. तिथल्या ताक आणि मेयोनेजच्या मिश्रणाला इतकी मागणी आली की त्याचा कोरडा मसाला पाकिटांतून टपालाने जाऊ लागला. 1972 साली क्लोरॉक्स कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. आज आपल्याकडच्या दुकानांतली ‘रँच’, ‘पेरी पेरी’, ‘हर्ब’ वगैरे पाकिटे त्याच वंशातली. त्या साऱ्यांची चव लसूण आणि कांद्याच्या भुकटीवर उभी आहे. ती दोन काढून टाकून उरलेल्याला ‘जैन’ म्हटले, तर पाकिटात बहुधा मीठ, साखर, आंबटपणाचे आम्ल आणि ओव्याच्या जातीची थोडी वाळलेली पाने एवढेच राहते. असे डिप खारट-आंबट लागते, त्याला पोट नसते. सुनेच्या डिपचीही गत तीच होती, हे आजींनी चव घेतली असती तर सांगितले असते.

पाकीट वाचण्याची कला म्हणून थोडी शिकून घ्यावी लागते. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो. कांदा आणि लसूण त्यात निर्वेध बसतात. ‘जैन’ या शब्दासाठी कायद्याने ठरवलेले वेगळे चिन्ह नाही. तो उत्पादकाचा शब्द आहे आणि उत्पादकाच्या मनात बहुधा कंदमूळच असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिली तीन नावे वाचली की पाकिटात किती मीठ आणि किती मसाला याचा अंदाज येतो. नुसते ‘मसाले’ असा मोघम शब्द आला तर त्यात लसूण नसेलच असे धरून चालू नये. ‘हनी मस्टर्ड’ नावाच्या डिपमध्ये मध असतो, आणि मध तर चार महाविगयांपैकी एक. दक्षिणेकडची ‘पोडी’ हल्ली दह्यात कालवून डिप म्हणून वाढतात. पोडीचा पायाच उडीद आणि हरभऱ्याची डाळ असतो. बिनअंड्याचे मेयोनेज घेताना त्यातली प्रथिने दुधाची की डाळवर्गातली, हेही पाहावे. ज्या घरांत शोधाचे भोजन आहे, तिथे हा सारा प्रश्न उद्भवतच नाही: पिठाला पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवसांची जी मर्यादा आहे, तीच तिथे बहुधा दळलेल्या मसाल्यालाही लावतात, आणि सहा महिन्यांपूर्वी भरलेले पाकीट मग दारातूनच परत जाते.

तेव्हा मसाला घरी करावा हे बरे. आणि वऱ्हाडातल्या घराला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

लसणाची उणीव भरून काढायची तर ती दोन वाटांनी भरते, वासाने आणि तिखटपणाने. वासाचे काम हिंगाचे. हिंगात गंधकाची तीच जातकुळी असलेली द्रव्ये असतात जी कांद्या-लसणाला त्यांचा दर्प देतात. म्हणून शतकानुशतके जैन स्वयंपाकघराने हिंगावर भिस्त ठेवली. हा हिंग इराण-अफगाणिस्तानच्या बाजूने येत राहिला. भारतात त्याची लागवड करण्याचा प्रयोग पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने 15 ऑक्टोबर 2020 रोजी हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात पहिले रोप लावून सुरू केला. डब्यातला बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक असतो. डिपच्या दृष्टीने ती अडचण नाही, कारण दोन्ही धान्ये द्विदळ नव्हेत. मात्र कच्चा हिंग थंड दह्यात टाकला तर उग्र, औषधासारखा लागतो. अर्धा चमचा तूप कढल्यात तापवून त्यात पाव चमचा हिंग टाकावा, दहा सेकंदांत खाली उतरवावा, पूर्ण निवू द्यावा आणि मग चक्क्यात घालावा. मसाल्यांचा बराचसा स्वाद स्निग्ध पदार्थात विरघळतो. पाण्यात तो मुका राहतो.

तिखटपणासाठी मिरे आहेतच, पण अमरावती जिल्ह्याकडे त्याहून खास वस्तू आहे. अंजनगाव सुर्जी आणि पलीकडे अकोल्यातल्या अकोट भागात पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपरी होते. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून जे त्रिकटू होते, त्यातली ही पिंपळी. जिल्ह्यातले पीक औषधवाल्यांकडे जाते आणि जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात मात्र ती क्वचितच दिसते, हे थोडे नवलाचे आहे. तिचा तिखटपणा मिऱ्यापेक्षा सावकाश चढतो, मागे किंचित गोडसर ऊब ठेवतो, आणि दह्याच्या थंडपणात ती ऊब फार छान लागते.

मसाला असा होतो: दोन मोठे चमचे जिरे कोरडे भाजून, पानपिंपरीच्या चार वाळलेल्या शेंगा मंद आचेवर किंचित शेकून, अर्धा लहान चमचा मिरे आणि अर्धा चमचा सुंठ. ओले आले वर्ज्य करणाऱ्या घरांतही सुंठ आणि हळद वाळलेल्या रूपात चालतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात दोन मोठे चमचे पांढरे तीळ भाजून, एक मोठा चमचा सावलीत वाळवलेला पुदिना (उन्हात वाळवला तर रंग आणि वास दोन्ही उडतात) आणि चिमूटभर संत्र्याच्या सालीची पूड. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचा हंगाम असतो तेव्हा सालीच्या आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडून काढावा, साल वाळवावी आणि दळावी. पापुद्रा राहिला तर कडवटपणा येतो. चातुर्मासात पालेभाज्या सोडलेल्या घरी पुदिना गाळावा आणि जिरे-तीळ वाढवावेत. हे सारे खलबत्त्यात भरड कुटावे. मिक्सर हाताशी असला तरी तिळाला तेल सुटून मसाल्याचा लगदा होण्याची धास्ती असते.

चक्क्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण मर्यादेचा हिशेब तिथेच आहे. संप्रदायानुसार आणि घरानुसार दह्याची मर्यादा एक दिवसाची किंवा दोन रात्रींची धरतात, आणि टांगून ठेवलेला वेळही त्यातच मोजायचा असतो. डिसेंबरात रात्री नऊला विरजण लावले तर सकाळी सहापर्यंत दही लागते, अकरापर्यंत फडक्यात निथळते, आणि संध्याकाळी पाचला वाढले तरी वीस तास होतात. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा सकाळी सहाला लावलेले विरजण अकरालाच घट्ट होते. त्याला तीन तासांहून अधिक टांगू नये, आंबट होते. एक लिटर सायीच्या दुधाच्या दह्यातून साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का मिळतो. तेवढ्याला मसाल्याचे दोन सपाट मोठे चमचे आणि वरून हिंगाचे निवलेले तूप पुरे. मीठ अगदी शेवटी, वाढण्याच्या थोडे आधी. ते आधी घातले की चक्का पाणी सोडतो आणि वाडग्याच्या कडेने पातळ निथळ साचते. मसाला कालवल्यावर अर्धा तास थांबावे, म्हणजे कोरडी पूड ओलावा घेते आणि दाताखाली रेताड लागत नाही. चव थंड झाल्यावरच पाहावी. थंडीने जिभेची जाण मंदावते. कोमट असताना नेमके वाटलेले मीठ-तिखट गार झाल्यावर फिके पडते.

थंड करण्याबद्दल एक गोष्ट. हिम, म्हणजे बर्फ, हाही बावीस अभक्ष्यांत मोजला जातो. काटेकोर घरी वाडगा बर्फाच्या चुऱ्यात रोवून मांडण्याची हॉटेलातली पद्धत चालत नाही. वाडग्याला ओले फडके गुंडाळून तो पाण्याने भरलेल्या परातीत, वारा लागेल असा ठेवला तरी कोरड्या हवेच्या वऱ्हाडात चांगला गारवा येतो. माठ गार राहतो तो याच युक्तीने. फ्रिज चालणाऱ्या घरात अर्थातच सोपे आहे.

दुसरे डिप जवसाचे, आणि ते अधिक वऱ्हाडी. जवसाची कोरडी चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या घराला ते शिकवावे लागत नाही. तीन मोठे चमचे जवस तडतडेपर्यंत भाजून, थोडे तीळ, जिरे, लाल तिखट आणि मीठ घालून भरड कुटायचे आणि ऐन वेळी चक्क्यात कालवायचे. जवस पाणी शोषून बुळबुळीत चिकटपणा धरतो, तासाभरात डिप खिरीसारखे ओढाळ होते. म्हणून ते आधी करून ठेवू नये. इथे द्विदळाचा एक बारकावा कामी येतो. ज्या बीजातून तेल निघते ते श्वेतांबर परंपरेत द्विदळ मानत नाहीत. त्यामुळे तीळ, जवस, शेंगदाणा दह्याबरोबर चालतात. दिगंबर परंपरेत मात्र काष्ठद्विदळाचा, म्हणजे बदाम-चारोळीसारख्या बियांचाही विचार आहे, आणि ‘कच्चा’ या शब्दाचा अर्थही काही घरी इतका कडक घेतात की गोरस तापवूनही डाळीशी मिसळत नाहीत. घरात जे चालत आले असेल ते, आणि शंका असेल तर गुरुमहाराजांना विचारून, असे येथे धरावे.

मेथी हा अनेक घरांतला निसटता धागा. मेथीदाणाही द्विदळात धरतात. सुनेने हौसेने मांडलेला मेथीचा खाकरा म्हणूनच आजींच्या नजरेत शेवेइतकाच खुपला असणार.

मराठी घरातले सर्वांत जुने डिप कोणते, असे विचारले तर उत्तर मेतकूट-दही हेच येईल. कोरडा मसाला, थंड दही, वर फोडणी. नाव तेवढे नवीन नाही. पण मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ आणि मेथी हे तिन्ही असतात. ज्या घरी तापवलेला गोरस चालतो तिथे वाट अशी निघते: दही घुसळून त्यात एक चमचा तांदळाचे पीठ मिसळावे (बेसन कदापि नव्हे) आणि मंद आचेवर सतत ढवळत बोट न ठरेल इतके तापवावे. तांदळाच्या पिठाने ते कमी फाटते. मग निववून, फडक्यात निथळून, मिक्सरमधून एकदा फिरवून घेतले की गुळगुळीत घट्ट गोळा मिळतो, त्यात मेतकूट. क्रम उलटला, म्हणजे आधी मेतकूट घालून नंतर तापवले, तर हेतूच फसतो. चव ताज्या दह्याची राहत नाही हे खरे. कढीच्या अंगाने जाणारी, थोडी मवाळ होते. जिरे-मोहरीची फोडणी त्याला सावरते.

डाळीला मग टेबलावर जागाच नाही काय? आहे, पण दह्यापासून लांब. लेबनॉन-सीरियाकडे चक्क्यासारखे निथळलेले दही तीळ आणि रानओव्याच्या मसाल्याबरोबर खातात, ते एका अंगाला. आणि काबुली हरभरा व तिळाचे वाटण, म्हणजे हमस, ते दुसऱ्या. ही विभागणी आपल्याला आयतीच मिळते. फक्त हमस मऊ व्हावे म्हणून हल्ली त्यात दही घालतात, ते घालू नये. हिवाळ्यात वऱ्हाडात तुरीचे हिरवे सोले निघतात. सोलेभात तर प्रत्येक घरी होतो. तेच सोले वाफवून, भाजलेले तीळ, लिंबू, हिरवी मिरची, जिरे आणि फोडणीचा हिंग घालून वाटले तर हिरवेगार थंड डिप तयार होते, आणि शेव, मुगाचे पापड, मेथीचे खाकरे साऱ्यांना त्याच्याशेजारी मोकळेपणाने बसता येते. वांग्याचे भरीत या कामाला उत्तम असते, पण वांगे बहुबीज म्हणून सोडलेल्या घरी तो विषय नको.

गोरसाच्या बाजूला ज्वारीचे पापड, गव्हाच्या कुरडया, तांदळाचे पापड, केळ्याचे वेफर्स, साधे गव्हाचे खाकरे, काकडी, ढोबळी मिरची. मक्याचे तिकोनी तुकडे विकत आणले तर वरचा भुरभुरलेला मसाला वाचून घ्यावा. लसूण बहुधा तिथेच दडलेला असतो. दोन टेबलांत चार पावलांचे अंतर, दोन्हींच्या बश्या वेगळ्या, आणि मध्ये पाण्याचा तांब्या. डाळीकडून दह्याकडे जाताना चूळ भरावी, ही जुन्या पंगतीतली शिस्त मुलांना सांगितली तर ती खेळासारखी पाळतात. कुणी विचारले, तर बाराव्या वर्षाच्या मुलालाही दोन वाक्यांत कारण सांगता येते. आणि न विचारणाऱ्या पाहुण्याला काही वेगळे चालले आहे असे जाणवतही नाही.

पुढच्या वाढदिवसाला असे दोन टेबल मांडले, तर आजी जवसाच्या वाडग्याशी बराच वेळ रेंगाळतील, पानपिंपरी कुठून आणली म्हणून विचारतील आणि तीळ थोडा जास्त भाजला गेला हेही सांगतील. साडेपाचला भांडी आवरताना उरलेला चक्का झाकून ठेवला जातो. मर्यादेच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची कढी होते. आणि बेसन लावण्याआधी तो तापवून घ्यायचा, हे सुनेला आता कुणी सांगावे लागत नाही.